यश पचविणे

अपयशाने मनुष्याची हानी होते, हे कोणास समजावून द्यावे लागत नाही. पीक बुडाले, व्यापार बसला, मुलगा परीक्षेत अनुत्तीर्ण झाला, म्हणजे घरावर कळा येते आणि ती शेजाऱ्यालाही दिसते. परंतु यशानेही मनुष्याची हानी होते काय? हा प्रश्न वासनिक मंडळींपैकी पुष्कळांस विचित्र वाटेल. ज्याच्यासाठी रात्रीचा दिवस केला, तेच हाती आल्यावर अपाय कसा करील? आणि करीत असेल, तर प्रयत्न तरी कशासाठी करावा? ह्या दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचा विचार दृष्टांत आणि दार्ष्टांतिक ह्या आपल्या ओळखीच्या रीतीने करू.

प्रथम यश म्हणजे काय, ते पाहू. आपल्या शास्त्राच्या दृष्टीने यश हे कर्मफल होय. जीवाने कर्म करावे आणि देवतांनी आपापल्या अधिकाराप्रमाणे त्याचे फल द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. हे फल खोटे नव्हे. परंतु ते मोजके असते आणि भोगाने सरते. मोक्षाचे दान एका परमेश्वराकडेच आहे. तेव्हा यश मिळणे ह्यात दोष नाही. दोष उत्पन्न होतो तो जीवाला जडलेल्या अन्यथाज्ञानामुळे. जे सरणारे आहे ते टिकणारे मानणे, जे फल आहे ते स्वतःचे रूप मानणे, ह्या उलट्या समजुतीला अपयशात फारसा वाव मिळत नाही. यशात मात्र पूर्ण वाव मिळतो.

दृष्टांत दूरचा नको. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबाचा घेऊ. सांगोला, मंगळवेढे, पंढरपूर ह्या अवर्षणप्रवण भागांत ह्या फळाने अनेक कुटुंबांचे दैन्य हटविले. २००५ साली सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नसे, तेथे ठिबक सिंचनावर भगव्या जातीच्या बागा उभ्या राहिल्या. यश म्हणावे ते हेच.

परंतु जाणता बागाईतदार काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. डाळिंबाच्या झाडाला वर्षातून तीन वेळा बहार येऊ शकतो : आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार. झाड तिन्ही वेळा फुलायला तयार असते; शेतकरी मात्र तिन्हींपैकी एकच बहार धरतो. फळ उतरल्यावर तो झाडाला काही महिने विश्रांती देतो, खत घालतो, मग पाणी तोडून बाग ताणावर सोडतो. पानगळ होऊ देतो, छाटणी करतो, आणि त्यानंतरच पुन्हा पाणी देऊन पुढचा बहार धरतो. कोवळ्या झाडाला पहिल्या वर्षी फुले आली, तर ती तो आपल्या हाताने काढून टाकतो. पाहणाऱ्याला हे क्रूरपणाचे वाटते. आलेले फूल कोणी तोडून टाकते काय? परंतु ते फूल ठेवले तर फळ वाढते आणि झाड मागे राहते, हे त्याला ठाऊक असते.

उलटपक्षी, भाव चढा असताना ज्यांनी बहारामागून बहार धरला, विश्रांतीचे महिने वाया जातात असे मानले, त्यांची झाडे आतून दुबळी झाली. दुबळे झाड रोगाला लवकर बळी पडते. गेल्या काही वर्षांत तेल्या, मर आणि खोडातील भुंगेरे यांनी ह्या भागातील कित्येक बागा मोडल्या. शेतकऱ्यांना आपल्याच हाताने झाडे उपटून टाकावी लागली. ह्या आपत्तीची कारणे अनेक आहेत. अवेळी पाऊस आहे, एकाच पिकाची दाटी आहे, रोगट रोपांची ने-आण आहे. सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याने सगळे नियम पाळले त्याचीही बाग गेलेली आहे. तथापि झाडाच्या शरीरधर्मातून निघणारा बोध खराच आहे. फळ येणे ही झाडाची परीक्षा नव्हे. फळ उतरल्यानंतर झाडाचे काय झाले, ही परीक्षा होय.

दार्ष्टांतिक असे : मनुष्याला यश आले की लोक तत्काळ दुसऱ्या यशाची मागणी करतात, आणि तोही स्वतःकडे तीच मागणी करतो. एका बहारानंतर पाणी तोडावे, पाने गळू द्यावीत, काही काळ लोकांच्या दृष्टीला उघडेबोडके दिसावे, हे त्याला सोसत नाही. यशाने होणारी पहिली हानी ही. ते मनुष्याला विश्रांती देत नाही आणि वाढूही देत नाही.

आता सोलापूरचाच एक जुना प्रसंग पाहू. तो आपल्या पंथाचा नव्हे. त्यातील उपास्य वेगळे, तत्त्वज्ञान वेगळे. तरीही विचारासाठी दुसऱ्याच्या घरचा दिवा वापरण्यास हरकत नाही. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळी, सोन्नलगी म्हणजे आजचे सोलापूर येथे सिद्धराम नावाचे थोर शिवभक्त होऊन गेले. त्यांनी गावासाठी तलाव खोदविला, मंदिर उभारले, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. गाव नावारूपास आले. आजही त्या तलावाच्या काठी उभे राहिले असता ह्या कामाची थोरवी कळते.

शून्यसंपादने ह्या कन्नड ग्रंथाच्या परंपरेत पुढील कथा येते. अल्लमप्रभू फिरत फिरत सोन्नलगीस आले. तलावाचे काम जोरात चालले होते. त्यांनी तेथील माणसांना विचारले, तो तुमचा वड्डर कोठे आहे? वड्डर म्हणजे दगडमातीचे काम करणारा. आपल्या सिद्धरामाला असे संबोधलेले ऐकून काम करणारी मंडळी खवळली आणि त्यांनी त्या पाहुण्यावर दगडांचा मारा केला. सिद्धरामही क्रुद्ध झाले. पण अल्लमप्रभू डगमगले नाहीत. पुढे दोघांचा संवाद झाला. त्याचा आशय असा की, बाहेर तलाव खोदलास, आतले खोदकाम राहून गेले नाही ना? सिद्धरामांना ते पटले. ते कल्याणास गेले, चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली, आणि पुढे तेथील अनुभवमंटपाचे अध्यक्षपदही भूषविले.

ह्या कथेत एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती सहज निसटते. पहिला दगड सिद्धरामांनी मारलेला नाही. तो त्यांच्या भोवतालच्या माणसांनी मारला. यशस्वी मनुष्याभोवती अशी एक कडी आपोआप तयार होते. ती माणसे दुष्ट नसतात; प्रेमानेच जवळ आलेली असतात. परंतु खरे बोलणारा मनुष्य आत येण्यापूर्वीच बाहेर दगड खाऊन परत जातो, आणि कोणी आला होता हे आत बसलेल्याला कळतही नाही. अपयशी मनुष्याला सल्ला देणारे शंभर असतात. यशस्वी मनुष्याला सांगणारा एकही उरत नाही. यशाने होणारी दुसरी हानी ही. सिद्धरामांचे भाग्य असे की, दगडांच्या माऱ्यातूनही सांगणारा त्यांच्यापर्यंत पोचला. आणि त्यांची योग्यता अशी की, राग आल्यानंतरही त्यांनी ऐकून घेतले.

ज्यांच्यापर्यंत सांगणारा पोचला, पण ऐकणे घडले नाही, त्यांचे काय होते? ह्याचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे. सोलापूरच्या ईशान्येस, आजच्या लातूर जिल्ह्यात उदगीरचा किल्ला आहे. फेब्रुवारी १७६० मध्ये तेथे सदाशिवरावभाऊ पेशव्यांनी निजामावर मोठा विजय मिळविला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्या मोहिमेत मोलाची कामगिरी केली. तहात मोठा मुलूख आणि दौलताबादसारखी ठाणी पेशव्यांना मिळाली. त्या वेळी भाऊसाहेबांचे वय तीस वर्षांचेही नव्हते. त्याच सुमारास उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याची वार्ता आली, आणि अब्दालीविरुद्धच्या मोहिमेचे नेतृत्व उदगीरच्या विजेत्याकडे सोपविले गेले. एका वर्षाच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत घडले.

बखरकार आणि पुढील काळातील अनेक इतिहासलेखक सांगतात की, मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट यांनी भाऊसाहेबांना कुटुंबकबिला व जड सामान मागे सुरक्षित ठेवण्याचा आणि जुन्या गनिमी पद्धतीने लढण्याचा सल्ला दिला होता. तो मानला गेला नाही. उदगीरला ज्या तोफांनी यश दिले, त्यांच्यावरील विश्वास दृढ राहिला. आता न्यायाने बोलायचे तर पानिपतच्या पराभवाची कारणे पुष्कळ आहेत : अन्नाची तोटातूट, मित्रांचा अभाव, घरापासूनचे अंतर. भाऊसाहेब शूर होते आणि रणात पडले; त्यांची निंदा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तोफांचा भरवसा सर्वस्वी चुकीचा होता, असेही कोणी म्हणू नये. परंतु इतके म्हणता येईल की, उदगीरच्या यशाने एका मनुष्याला ते ओझे दिले आणि तेच यश त्याला वडीलधाऱ्यांचे ऐकण्याच्या आड आले. कालच्या यशाची रीत आजच्या संकटाची बेडी होऊ शकते. यशाने होणारी तिसरी हानी ही.

आता आपल्या परंपरेकडे वळू. हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींनी ग्रंथांत तर चर्चिलाच, पण स्वतःच्या जीवनात तो सोडवूनही दाखविला.

म्हाइंभट हे सराळ्याचे प्रकांड पंडित. परंपरा सांगते की, विद्येचा अभिमान इतका होता की, इतर विद्वान आपल्यापुढे तृणवत आहेत हे दाखविण्यासाठी ते पायात गवताचा तोडर बांधीत आणि भरदिवसा दिवट्या पाजळून फिरत. असा हा वादविजयी पुरुष सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची परीक्षा घेण्यास आला. भेटीत त्यांना कळून चुकले की, आपल्यापाशी शब्द आहेत, अनुभव नाही. पुढे ह्याच म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्या तोंडून आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. दिवसा दिवटी लावून आपले पांडित्य मिरविणाऱ्याने उरलेले आयुष्य दुसऱ्यांच्या आठवणी ऐकण्यात घालविले. ज्याने ऐकणे सोडले होते, त्यानेच ऐकण्याचे एवढे मोठे कार्य केले. मराठी गद्याचा आद्य चरित्रग्रंथ आपल्याला ह्या परिवर्तनामुळे लाभला आहे.

कवी नरेंद्र यांची कथा वेगळ्या प्रकारची आहे. त्यांचे रुक्मिणीस्वयंवर देवगिरीच्या रामदेवराव यादवांच्या सभेत वाचले गेले. कवीला ह्याहून मोठे यश ते कोणते? पण परंपरेनुसार राजा इतका प्रसन्न झाला की, ओवीमागे सोन्याचे एक नाणे देऊन तो ग्रंथ त्याने स्वतःच्या नावे करून मागितला. येथे यशाने आपले खरे मूल्य सांगितले : सोने घे, आणि जे तुझे आहे ते सोड. नरेंद्रांनी नकार दिला. पुढे ते श्रीनागदेवाचार्यांना शरण आले. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो अपुरा आला. परंतु कर्त्याच्या नावाने आला. पूर्ण ग्रंथ राजाच्या नावे राहण्यापेक्षा अपुरा ग्रंथ सत्याच्या नावे राहणे त्यांनी पत्करले. आजही मोठे यश अनेकदा अशीच अट घालून येते. फक्त ती अट इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी बोलून दाखवीत नाही.

आणि भास्करभट्ट बोरीकर. माझ्या मते ह्या प्रश्नाचे सर्वांत पूर्ण उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. त्यांनी १०८७ ओव्यांचे शिशुपालवध रचले. काव्य म्हणून ते किती सरस आहे, हे मराठीचे सर्व अभ्यासक मान्य करतात. कवीने ते आपल्या ज्येष्ठ गुरुबंधूंना दाखविले. त्यांनी जो अभिप्राय दिला त्याचा आशय असा : ग्रंथ उत्तम उतरला आहे, पण त्यात शृंगार प्रधान आहे; तो प्रवृत्तीच्या माणसाला रुचेल, निवृत्ताच्या उपयोगाचा नव्हे. क्षणभर त्या कवीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. ग्रंथ वाईट आहे असे कोणी म्हटले असते, तर रागावता आले असते, वाद घालता आला असता. येथे तर स्तुती आहे. पण स्तुतीच्या पाठोपाठ एक सत्य आहे : तू यशस्वी झालास, पण तू ज्या मार्गावर निघाला होतास त्या मार्गावर नव्हे.

भास्करभट्टांनी वाद घातला नाही. ते रुसले नाहीत. लेखणीही टाकली नाही. त्यांनी उद्धवगीता लिहिली, भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका, निवृत्तीचे प्रतिपादन करणारी. आणि दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची : शिशुपालवध नष्ट केले गेले नाही. साती ग्रंथांत आपण आज दोहोंना आदराने स्थान देतो. पहिले यश फेकून द्यावे लागले नाही. त्याच्यापाशी थांबून राहावे लागले नाही, इतकेच. यश पचविणे म्हणतात ते हेच.

येथे एक शंका उत्पन्न होते. यशात इतके धोके असतील, तर यशाची इच्छाच सोडावी काय? शेतकऱ्याने बाग लावू नये, विद्यार्थ्याने पहिला क्रमांक मिळवू नये, असे शास्त्राला म्हणावयाचे आहे काय?

समाधान असे की, तसे नाही. तलाव खोदला नसता तर सोन्नलगीची माणसे तहानेली राहिली असती. शिशुपालवध लिहिले नसते तर उद्धवगीता लिहिणारा हातही कदाचित तयार झाला नसता. प्रपंचात राहणाऱ्याने प्रपंच नीट करावा. आळसाला वैराग्याचे नाव देऊ नये. यशाला भिऊन कर्म टाकणारा मनुष्य अपयशाच्या अभिमानात सापडतो, आणि तो अभिमान तर अधिकच चिवट असतो. तेव्हा विधी यश टाळण्याचा नव्हे. यश आल्यानंतर आपल्यात काय बदलले, हे पाहण्याचा विधी आहे.

ते कसे पाहावे? वरील सर्व कथांतून एकच कसोटी निघते. यश मिळाल्यानंतर, 'हे चांगले झाले, पण एवढ्याने भागले नाही,' असे आपल्याला तोंडावर सांगणारा मनुष्य आपल्याजवळ उरला आहे काय? आणि त्याने सांगितले तर आपण ऐकतो काय? सिद्धरामांना असा मनुष्य भेटला. म्हाइंभटांना सर्वज्ञ भेटले. भास्करभट्टांना गुरुबंधू होते. उदगीरच्या विजेत्याजवळही वडीलधारे होते. पण त्यांच्या शब्दाचे वजन यशाच्या वजनापुढे कमी पडले. हानी यशाने होते असे म्हणण्यापेक्षा, यशामुळे जो कान बंद होतो त्याने होते, असे म्हणणे अधिक बरोबर.

गृहस्थाने आपल्या घरात डोकावून पाहावे. मुलगा शिकला, पुण्या-मुंबईस मोठ्या पगारावर लागला, घराचे कर्ज त्याने फेडले. आता तो सुटीत घरी येतो तेव्हा बाप त्याच्याशी जपून बोलतो. पूर्वी ज्या गोष्टीवर दोन शब्द सुनावले असते, त्या गोष्टीवर आता गप्प राहतो. आईही म्हणते, दमून आला आहे, काही बोलू नका. घर त्याला मान देत आहे असे वाटते. वास्तविक घराने त्याला एकटे पाडलेले असते. पुढे त्याला झोप लागत नाही, शरीर थकते, संसारात ताण येतो, तेव्हा ते सांगावयास त्याच्यापाशी कोणी नसते. कारण यशस्वी म्हणून त्याची जी मूर्ती घराने बसविली, तिला दुखणे शोभत नाही. अशा मुलाशी बापाने पूर्वीसारखेच बोलावे. त्यात त्याचा अपमान नाही, आधार आहे. आणि मुलानेही, वर्षातून निदान एकदा, आपला पगार आणि हुद्दा उंबऱ्याबाहेर ठेवून बापाजवळ बसावे.

भिक्षुकांसाठी हा विचार अधिक निकडीचा आहे, हे नम्रपणे सांगावेसे वाटते. प्रपंचाचे यश आपण टाकले. परंतु निरूपणाला गर्दी होणे, आश्रम वाढणे, लोकांनी नावाने ओळखणे, हेही यशच होय, आणि ते धर्माचे वस्त्र नेसून येत असल्यामुळे ओळखू येत नाही. स्वामींनी साधकाला स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि संबंधीजनांचा संबंध सोडण्यास सांगितले. अटन, विजन आणि भिक्षा नेमून दिली. ह्या आचाराकडे आपण देहदंडाचे नियम म्हणून पाहतो. पण जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा गावी झोळी घेऊन दारात उभे राहिल्यावर कीर्तीचा काय उपयोग होतो? त्या दारातील बाई, महाराज, पुढे जा, असे म्हणते, तेव्हा कालच्या सभेतील जयजयकार आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो. डाळिंबाच्या झाडाला जसा ताण, तसा साधकाला अटन-विजन. पाने गळतात, पण मूळ वाचते.

चिंतनासाठी तीन प्रश्न देऊन हा पाठ पुरा करतो. प्रत्येकाने ते एकांतात स्वतःस विचारावेत. गेल्या वर्षभरात मला माझी चूक कोणी दाखविली होती काय? दाखविली असेल, तर त्या मनुष्याचे माझ्याकडे येणे-जाणे त्यानंतर वाढले की कमी झाले? आणि माझ्याभोवती जी माणसे आहेत, त्यांच्या हातांत माझ्या नकळत दगड तर नाहीत ना?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःला सहज सापडत नाही. ते आपल्या धर्मबंधूंस विचारावे लागते, आणि विचारल्यानंतर गप्प बसून ऐकावे लागते.

दंडवत प्रणाम.